दिवसाच्या उजेडात पाहिला

सोमवार, ३ फेब्रुवारी

इस्पितळातून आले ती चपला न काढताच वही घेऊन बसले. संताप आला की मला लिहावं लागतं. शाळेत सिस्टर म्हणायच्या, तोंडाने बोलून पस्तावण्यापेक्षा कागदावर बोला. साठी उलटली तरी सवय गेली नाही.

नेत्रविभागाला नव्या प्रमुख आल्या आहेत. वयाने माझ्या मुलाएवढ्या असतील. टेबलावर आमचं कार्ड ठेवलं होतं. आम्ही केलेल्या प्रत्येक कृत्रिम डोळ्याबरोबर ते जातं. वर छापलेलं असतं ‘दिवसाच्या उजेडात पाहिला’ आणि खाली माझी सही. ही ओळ ह्यांनी घातलेली. हे म्हणायचे, दिव्याखाली कुठलाही डोळा जुळतो, खिडकीत जुळला तर खरा.

नव्या बाईंनी विचारलं, “दिवसाचा उजेड म्हणजे नक्की काय?”

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

“म्हणजे किती वाजताचा? ढग असले तर? खिडकी कुठल्या दिशेची? आणि बघतं कोण?”

“बघते मी,” मी म्हटलं. “एकतीस वर्षं बघतेय.”

यावर त्या माझ्या तोंडाकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला पदर सावरावासा वाटला. मग म्हणाल्या, “तुम्ही स्वतःचे डोळे शेवटचे कधी तपासलेत?”

“अहो बाई, मी डोळे करणारी. मला काय झालंय?”

त्या हसल्या नाहीत. पंचवीस तारखेला समिती बसणार आहे. त्या दिवशी आमची कामाची पद्धत लिहून द्यायची, ‘दिवसाचा उजेड’ या शब्दांच्या अर्थासकट. आणि एक रुग्ण आमचा नवा डोळा लावून समोर बसवायचा. समितीचं समाधान झालं नाही तर पुढच्या महिन्यापासून रुग्ण दुसरीकडे जातील. कुठली तरी कंपनी आहे, यंत्रावर बुबुळं छापून खोक्यातून पाठवते म्हणे.

घरातली ही ह्यांची कामाची खोली, ह्यांची खिडकी. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन, आणि मी एकदाही खिडकीला पडदा लावला नाही.

मंगळवार, ४

शाळेत असायचं तसं लिहायला घेतलं. अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा.

दिवसाचा उजेड. अर्थ: सूर्य वर असताना जो असतो तो. (फाडलं. उन्हात रंग पांढरे पडतात, ऊन नको.)

दिवसाचा उजेड. अर्थ: उत्तरेच्या खिडकीतून सकाळी दहा ते दुपारी दोन येणारा, ऊन नसलेला प्रकाश. (हे बरं आहे. पण आमच्या खिडकीसमोर इमारत आहे, तिच्या भिंतीवरून उजेड उलटून येतो.)

त्या इमारतीला मेल्यांनी पिवळा रंग दिलाय. असा दळभद्री रंग कोण देतं? सूनबाईला म्हटलं तर ती म्हणाली, “आई, भिंत आहे तशीच आहे.”

“तुला दिसत नाही का? हळद फासल्यासारखी आहे.”

ती ब्रश धूत बसली.

शुक्रवार, ७

समितीसमोर बसवायचा रुग्ण आला. सलून चालवतो. चाळिशीचा, बडबड्या. रस्त्यात गाडीच्या चाकाखालून उडालेला खडा उजव्या डोळ्यात बसला आणि डोळा काढावा लागला. तीन महिने काळा चष्मा लावून दुकानात उभा असतो.

“मावशी, माणूस खुर्चीत बसतो, आरशात माझा चष्मा बघतो आणि म्हणतो, आज नुसते केस कापा, दाढी राहू द्या. गळ्यावर वस्तरा धरायला एकडोळ्या कोणाला हवाय?”

“अहो, नवा डोळा बसवला तरी त्याला दिसणार नाही.”

“ते मला माहीत, तुम्हाला माहीत. गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं?”

सूनबाई खूप दिवसांनी मोठ्याने हसली. माझ्या मुलाची नोकरी परगावी, तो महिन्यातून दोनदा येतो. त्यामुळे घरात आम्ही दोघीच, आणि हल्ली ती फार गप्प असते.

तिने त्याच्या खोबणीचा साचा घेतला. एक तारखेला तो दुकानाला नवी पाटी लावणार आहे. “आरशात दोन डोळे दिसले पाहिजेत मावशी, बास,” म्हणाला.

शनिवार, ८

रंगाच्या बाटल्यांवर सूनबाईने नवी लेबलं लावलीत. एवढी थोरली अक्षरं! मी म्हटलं, दुकानाच्या पाट्या रंगवायला घेतल्यास की काय? तर म्हणाली, “मलाच नीट दिसत नव्हतं.” बत्तीस वर्षांची पोर. आजकालच्या मुलांची नजर अशीच, दिवसभर मोबाइलमध्ये.

मंगळवार, ११

बुबुळ झालं. माझं मलाच समाधान वाटलं. सलूनवाले खिडकीत बसले होते, मी त्यांच्या डाव्या डोळ्यात बघायचे आणि उजव्यासाठी रंगवायचे. वरवर तपकिरी, पण बाहुलीभोवती चहावरच्या सायीसारखी कड आणि बाहेर राखी वर्तुळ. गृहस्थ एक मिनिट स्वस्थ बसेल तर शपथ.

“मावशी, मी पण रंगाचाच माणूस. केसांचे काळे रंग आठ-दहा प्रकारचे मला नुसते बघून कळतात. लग्नाच्या आदल्या दिवशी येऊन लोक म्हणतात, नैसर्गिक करा. नैसर्गिक म्हणजे काय, तर पंचवीस वर्षांपूर्वीचं!”

अवघड असतं ते पांढरं. डोळ्याचं पांढरं नुसतं पांढरं नसतं. कोपऱ्यात किंचित पिवळट, खाली निळसर झाक, लाल रेशमाचे तंतू सुटे करून त्यांच्या शिरा. पिवळा रंग अगदी थेंबभर लागतो. आज लागतच नव्हता. घातला तरी दिसेना, आणखी घातला, मग कुठे दिसला. बाटलीतला रंग जुना झाला असावा.

गुरुवार, १३

खिडकीची काच बदलून घेतली. काचवाला म्हणाला, जुनी ठीक होती. मी म्हटलं, तुम्ही बदला. नवी काच बसली आणि उजेड तसाच, तुपकट. मग ह्यांनी केलेला नमुन्याचा डोळा कपाटातून काढला, जो बघून मी हे काम शिकले. तोही पिवळा पडलाय. वयाने प्लास्टिक पिवळं पडत असणार. चादरी पिवळ्या, दूधसुद्धा पिवळट. साबण बदलायला सांगितलाय.

संध्याकाळी भाजी आणायला गेले तर गाड्यांच्या दिव्यांना केसाळ कडी दिसत होती. हवेत धूळ फार वाढलीय.

शनिवार, १५

आज घरात ठिणगी पडली.

आमची वाटणी ठरलेली आहे. रंगवायचं मी. त्यावर पारदर्शक लेप लावायचा, गरम पाण्यात शिजवायचा, घासून चकाकी आणायची ती. पण हा डोळा समितीसमोर जाणार, म्हणून मी म्हटलं, या खेपेला शेवटपर्यंत मीच करीन. तिने तीनदा विचारलं.

“आई, लेप मी लावते ना. तुम्ही जरा आडव्या व्हा.”

“का? माझा हात कापतो?”

“हाताचं नाही म्हणत मी.”

“मग कशाचं म्हणतेस?”

ती दाराशी उभी राहिली. मग म्हणाली, “पांढरं जरा जास्त पिवळं वाटतंय का?”

एकतीस वर्षं! मी नको ते बोलले. म्हटलं, मी हे काम करायला लागले तेव्हा तू शाळेच्या वाटेवरही नव्हतीस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हटली नाही. “लेप लागल्यावर काही करता येत नाही आई,” एवढंच म्हणाली.

मी लेप लावला. हात जराही कापला नाही.

पण आता लिहिताना वाटतंय, ती एवढी घाबरलेली का होती? माझ्या रागाला नाही. दुसऱ्याच कशाला तरी.

गुरुवार, २०

डोळा बसवला. आकार सुरेख, पापणी अगदी नैसर्गिक मिटते. सलूनवाल्यांना खिडकीत उभं केलं आणि आरसा दिला. आरशात बघणं हा ज्याचा धंदा, त्या माणसाने एकदाच आरशात बघितलं. मग सूनबाईकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

“छान आहे, मावशी,” म्हणाले.

मी कार्डावर सही केली. त्यांना म्हटलं, दोन दिवस वापरा, टोचतंय का बघा, शनिवारी या.

मला झोप लागेल असं वाटत नाही. ‘छान आहे’ असं म्हणताना लोक आरसा लगेच परत देत नाहीत. त्यांनी दिला.

शनिवार, २२

सकाळी साडेदहाला आले. काळा चष्मा लावून.

“मावशी, रागावू नका. बायको म्हणते, एका डोळ्याला कावीळ झालीय.” हसत म्हणाले, पण चष्मा काढला नाही. “काल मी चष्मा न लावता दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, डॉक्टरांना दाखवा हो, पसरत असेल. आणि उठून गेलं.”

मी भिंतीला दोष दिला, रंगाच्या बाटलीला दिला, त्यांच्या दुकानातल्या ट्यूबलाइटला दिला. ते ऐकून घेत होते. सूनबाईने चहा आणला. ते स्वतःच्या कपात ओतायला गेले आणि धार बशीत पडली.

“हे बघा, अजून सवय नाही. एका डोळ्याने कप नक्की किती लांब आहे ते कळत नाही. तुम्ही कधी ओतून बघितलाय एक डोळा मिटून?”

कधीच नाही. एकतीस वर्षं एकडोळ्या माणसांत काढली आणि एकदाही एक डोळा मिटून पाहिलं नाही. लाज वाटली. म्हटलं, आणा ती किटली. उजवा डोळा मिटला आणि ओतायला वाकले.

कपापलीकडे खिडकी होती. खिडकीबाहेर भिंत. भिंत पांढरी होती.

मी किटली खाली ठेवली. डावा मिटला, उजवा उघडला. पिवळी. उजवा मिटला. पांढरी, चुन्यासारखी पांढरी. सात-आठ वेळा केलं असेल. मग डाव्या डोळ्याने सलूनवाल्यांना म्हटलं, चष्मा काढा. त्यांनी काढला.

अरे देवा. जुनं हस्तिदंत असतं ना, तसा.

“मावशी, बसा खाली,” ते म्हणाले. “ताई, यांना पाणी द्या.”

रविवार, २३

सगळं लिहायला हवं. आज नाही लिहिलं तर उद्या मी त्यातलं मला सोईचं तेवढंच लिहीन.

पहाटे उठून खिडकीत बसले. वाट बघितली, उजेड यायची. उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि डोळ्याच्या कोऱ्या कवचीवर पांढरं रंगवायला घेतलं. म्हटलं, डावा तर चांगला आहे, कोणाला कळायची गरज नाही. पण एका डोळ्याने ब्रशाचं टोक कुठे टेकतंय ते समजेना. एक शीर काढायला गेले ती बुबुळावरून आरपार गेली. तीन कवच्या वाया घालवल्या. चौथी हातात घेतली आणि मागे बघितलं तर सूनबाई दारात. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

“रुमाल सोडा आई.”

“तुला माहीत होतं?”

“गेल्या गौरींपासून.” तिने बोटांवर हिशेब केला. “पाच महिने झाले.”

“पाच महिने! आणि बाहेर गेलेले डोळे?”

मग तिने सांगितलं. मी रंगवून दुपारी पडले की ती पांढऱ्यावरचा पिवळा पुसायची, नव्याने रंगवायची, आणि मग लेप लावायची. अकरा डोळे. प्रत्येक कार्डावर माझी सही. म्हणून त्या दिवशी लेप लावायला एवढी धडपडत होती.

मी चिडले. ते लपवत नाही. म्हटलं, मला मूर्ख केलंस. रोज जेवायला वाढलंस, समोर बसलीस आणि पाच महिने मला खेळवलंस.

“दोनदा बोलले मी. दोन्ही वेळा तुम्ही बाबांचं नाव काढलंत. त्यापुढे मी काय बोलणार होते, सांगा?”

“सांगायचं होतंस!”

“सांगते मग,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. “आई, त्यांच्याकडून हा डोळा परत घ्या. नवा मी करते. तुम्ही मध्ये पडू नका.”

ती या घरात आल्यापासून आठ वर्षांत पहिल्यांदा. मी खुर्चीवरून उठले आणि ती बसली.

सोमवार, २४

दिवसभर काम. सलूनवाले सकाळी नऊला दुकान बंद ठेवून आले. मी बाजूला स्टुलावर. तोंडाला कुलूप घालणं किती कठीण असतं! ती ब्रश माझ्यापेक्षा वेगळा धरते, आडवा. दोनदा माझे ओठ हलले. सलूनवाले म्हणाले, “मावशी, माझ्या दुकानात बाप असाच मागे बसायचा. मी पहिली दाढी केली तेव्हा गिऱ्हाइकापेक्षा तोच जास्त घाबरला होता.”

लेप चारला लागला. उद्या अकराला समिती. चूक सापडली तर दुसरा करायला आता वेळ नाही.

पद्धतीचा कागद अजून कोराच होता. झोपण्यापूर्वी एकच ओळ लिहिली.

मंगळवार, २५

समिती म्हणजे नव्या बाई आणि दोन जण. नव्या बाईंनी सलूनवाल्यांना खिडकीशी नेलं आणि आम्हा दोघींना दाराजवळच उभं ठेवलं. सूनबाईने माझं मनगट धरलं होतं, बांगड्या रुतेपर्यंत. बाईंनी या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं, वर बघा म्हणाल्या, खाली बघा म्हणाल्या. मग त्या दोघांना म्हणाल्या, “केलेला डोळा कुठला, सांगा.”

एक जण म्हणाला उजवा. दुसरा म्हणाला डावा.

सलूनवाले म्हणाले, “मलाही आरशात उलटा दिसतो, त्यामुळे मला विचारू नका.”

बाईंनी कार्ड उचललं. “सही तुमचीच असेल?” मला विचारलं.

गप्प राहिले असते तर खोलीही राहिली असती आणि नावही. मी म्हटलं, “नाही. डोळा हिने केलाय. आधीचे अकरासुद्धा हिनेच सुधारले, सही माझी असली तरी. मला उजव्या डोळ्याने पिवळा आणि पांढरा वेगळा कळत नाही.”

“मोतीबिंदू आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तीन तारखेला तुम्ही या टेबलापलीकडे बसलात तेव्हाच दिसला. डाव्यातही सुरुवात आहे.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तपासायला सांगितलं होतं. तुम्ही काय म्हणालात?”

त्यांनी खणातून एक चिठ्ठी काढली. डिसेंबरात सूनबाई आठवडाभर माहेरी गेली होती. त्या आठवड्यात एक डोळा मी एकटीने शेवटपर्यंत केला. तो बसने दोन तासांवरून येणाऱ्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंचा. त्या इस्पितळात येऊन विचारून गेल्या होत्या की डोळ्याचा पिवळेपणा आपोआप उतरतो का. तक्रार केली नाही. ‘त्या बाईंनी एवढ्या मायेने केलाय, त्यांना कळवू नका,’ असं लिहून गेल्या होत्या. बाहेर काळा चष्मा लावूनच जातात.

म्हणून हा सगळा खटाटोप होता.

रुग्ण आमच्याकडेच येतील. कार्डावर सही सुनेची. माझं ऑपरेशन दहा मार्चला. पद्धतीच्या कागदावर माझी एक ओळ बाईंनी वाचली. ‘दिवसाचा उजेड: ज्यात दोन माणसं वेगवेगळी उभी राहून, एकमेकांना न विचारता, एकच रंग सांगतात तो.’ त्यांनी खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘वेळ व दिशाही द्या.’

बाहेर आल्यावर सलूनवाल्यांनी काळा चष्मा शर्टाच्या खिशात टाकला आणि आम्हाला नमस्कार करून चालू लागले. बसस्टॉपवर कोणाशी तरी बोलत उभे होते. तो माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत होता, त्यात विशेष काही नव्हतं. मी वळून वळून बघत राहिले.

बुधवार, २६

ग्रंथपाल बाईंना पत्र. फोन केला असता, पण त्यांनी फोनवर ‘असू द्या हो’ म्हटलं असतं आणि मी ते मान्य केलं असतं.

तीनदा लिहून फाडलं. शेवटी एवढंच राहिलं:

‘तुमचा डोळा मी चुकीचा केला. पिवळेपणा आपोआप जात नाही. माझ्या नजरेत दोष होता आणि सांगणाऱ्याचं मी ऐकलं नाही. नवा करून द्यायचा आहे. सकाळच्या बसने या. रंग माझी सून बघेल. मी तिथे असेन, तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला.’

सूनबाईने वाचलं. म्हणाली, “आई, ‘रंगात थोडा फरक आला’ असं लिहिलं तर?”

“नको.”

“त्यांना वाईट वाटेल, तुमच्यासाठी.”

“वाटू दे.”

पाकीट मीच पेटीत टाकून आले. येतील की नाही, आल्या तर काय म्हणतील, कोण जाणे. रागावल्या तरी चालेल. चष्मा काढून रागावल्या तर बरं.